पांगळ्याचा टाका

कल्याण बंदरावर त्या काळी कुणी उपरा माणूस उतरला आणि त्यानं विचारलं, "बाबा रे, गोणी कुठं शिवून मिळतील?" तर हमाल मानही न वळवता सांगायचा, "पिंपळाखाली पांगळा बसलाय, तिकडं जा." आता लगेच नाक मुरडू नका! तुम्हाला तो शब्द टोचतो, मलाही टोचतो. पण मी सांगतोय ती शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा त्या शब्दाला काटा नव्हता. उंच माणसाला उंच म्हणायचे, काळ्याला काळा म्हणायचे, तसा दौलत पांगळा होता.

दौलत मूळचा खडवलीचा, कुणब्याच्या घरातला. पाचव्या वर्षी त्याला ताप आला, आठ दिवस अंगात मुक्काम ठोकून राहिला आणि जाताना कमरेखालचं सगळं बळ घेऊन गेला. गावात तेव्हा तीन दौलत होते. एक ढोल वाजवायचा, तो ढोल्या दौलत. दुसरा काळा दौलत. आणि हा पांगळा दौलत. त्याची आईसुद्धा शेतावरून आली की पहिल्यांदा विचारायची, "माझा पांगळा जेवला का गं?" त्या विचारण्यात तिचा सगळा जीव असायचा.

नांगर धरता येणार नाही म्हटल्यावर बापानं त्याला बैलगाडीत घातलं आणि कल्याणला मामाकडं आणून सोडलं. मामा बंदरावर गोणी शिवायचा. मुरबाडकडचा तांदूळ गाड्यांतून यायचा, गोणींत भरला जायचा, मचव्यांत चढायचा आणि खाडीतून ठाण्याला, मुंबईला जायचा. मामानं भाच्याच्या हातात दाभण दिलं, सुतळीचा गुंडा दिला आणि म्हणाला, "बस हितं. पायाचं काय काम नाय." आगगाडी कल्याणला आली तेव्हा दौलतला मिसरूड फुटत होतं, आणि तोवर मामापेक्षा त्याचीच शिवण चांगली पडायला लागली होती.

त्याची एक खोड होती. गोणीचं तोंड शिवून झालं की उजव्या टोकाला तो एक फुली घालायचा, तिच्यावरून आडवा एक टाका घ्यायचा आणि सुतळीचं टोक आत असं काही दडवायचा की शोधून सापडू नये. गोण मध्येच कुणी उघडली तर सुतळी कापण्यावाचून इलाज नाही, आणि कापली की तसा टाका पुन्हा घालणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमत नव्हतं. एकदा ठाण्याच्या धक्क्यावर चाळीस गोणी उतरल्या, त्यातल्या दोनच गोणींवर फुली वाकडी दिसली. व्यापाऱ्यानं तिथंच मचव्याच्या तांडेलाची मानगूट धरली. गोणींत पायली-दोन पायल्या तांदूळ कमी निघाला! तेव्हापासून भिवंडीपासून मुंबईपर्यंत बोली पडली, की पांगळ्याचा टाका असला तर गोण उघडून बघायची नाही.

लग्न ठरलं तेही याच टाक्यावर. आंबिवलीच्या हौसाला तिच्या बापानं सरळच सांगितलं, "पोरगा पांगळा हाय. पण तेच्या हातची गोण शेटलोक डोळे मिटून घेतात." हौसा तोंडाची खमकी. ती म्हणाली, "मंग झालं तर. मना काय तेच्याबरोबर शर्यत लावायची हाय?" आणि ही हौसाबाई पुढं तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याला न्हाऊ घालायला, उन्हातून सावलीत आणायला उचलत आली. उचलताना तोंड चालूच असायचं, पण हात कधी आखडला नाही.

त्यांना एकच मुलगा झाला. आज्याचं नाव नातवाला, म्हणून गुणाजी. पोर धडधाकट. अंगणातून पळायला लागलं की दौलत शिवायचं थांबून नुसता बघत बसायचा.

आणि इथं दौलतनं ती चूक केली. मी तिला चूक म्हणतोय, त्याला तो आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस वाटला होता. गुणाजी सात वर्षांचा झाला, तेव्हा काळुराम हमालाच्या पाठुंगळी बसून दौलत त्याला शाळेत घालायला गेला. हा काळुराम त्याचा बंदरावरचा जिवाचा दोस्त. कुठं लांब जायचं झालं की दौलतचे पाय म्हणजे काळुराम. मास्तरांनी टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "आडनाव काय?"

आता कुणब्याच्या घरात आडनाव कोण वापरत होतं? कधी गरजच पडली नव्हती. दौलतनं क्षणभरही विचार केला नाही. "लिवा पांगळे."

मास्तर हसले. "अहो, मुलगा तर चांगला दोन पायांवर उभा आहे!"

"तो हाय हो. पन नाव माजं हाय. सगल्या बंदरात चालतं. आता तेचं बी चालंल."

मास्तरांनी लिहिलं, 'गुणाजी दौलत पांगळे.' परतताना दौलत काळुरामच्या खांद्यावर थापा मारत होता. दुसऱ्यानं पोराला शेत द्यावं, घर द्यावं. त्याच्याकडं होतं ते नाव त्यानं देऊन टाकलं.

मग शब्द कधी नासला? तारीख-वार मला कुणी सांगितलेला नाही. शब्द काही एका रात्रीत आंबत नाहीत. रेल्वेचं मालधक्क्याचं काम वाढलं, चहूकडून माणसं कल्याणात आली. त्यांनी दौलतला पाहिलं नव्हतं, त्याच्या टाक्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांच्या कानावर फक्त शब्द पडला आणि तो त्यांना शिवी द्यायला बरा वाटला. बैल अडला की "चल रे पांगळ्या!" गाडीला उशीर झाला की "आज पांगळी झाली वाटतं!" हमालानं ओझं टेकवलं की दुसरा खेकसायचा, "पांगळ्या, उचल की!" आणि मग पिंपळाखाली नजर गेली की जीभ चावायचा.

शाळेत तर विचारूच नका. गुणाजी पळण्यात पहिला यायचा आणि पोरं बोंबलायची, "पांगळे पहिला! पांगळे पहिला!" मास्तरसुद्धा तोंडावर उपरणं धरायचे. गुणाजी घरी येऊन यातलं चकार अक्षर बोलला नाही. बापानं मोठ्या हौसेनं दिलेलं, ते टोचतं म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

दौलतला यातलं काही कळत नव्हतं असं नाही, पण उलटं कळत होतं. त्याच्यासमोर लोक गप्प होतात, म्हणजे आपला मान वाढला असं त्याला वाटायचं. एकदा जकात नाक्यावरचा एक नवा, कोवळा कारकून पिंपळाखाली आला आणि फार अदबीनं म्हणाला, "पायांनी जरा अधू असलेले गृहस्थ आपणच का?"

दौलतनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. "अधू कोन?" तो म्हणाला. "हितं तर कोन अधू नाय. मी पांगळा!"

कारकून कानापर्यंत लाल झाला. दौलत चार दिवस ती गोष्ट येईल त्याला सांगून हसत होता. "अधू म्हनं! आजारी बकरी असल्यासारकं!" बिचाऱ्या कारकुनाची काय चूक? त्याला चांगलं बोलायचं होतं, आणि जुन्या शब्दाला हात लावायची सोय राहिली नव्हती. पुढं त्या 'अधू'चंही तेच झालं म्हणा. पण ते राहू दे.

गुणाजी मराठी सहावी पास झाला आणि अठराशे त्र्याऐंशीच्या सुमारास ठाण्याला एका कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागला. वर्षभर काम बघून मग कायम करायचं, असा ठराव. खोपटला एका खानावळीत त्यानं राहण्या-जेवण्याची सोय केली आणि दर रविवारी आगगाडीनं घरी यायला लागला. आला की बापाच्या शेजारी बसून सुतळीला पीळ घालायचा, कचेरीतल्या गमती सांगायचा. एकच गोष्ट दौलतच्या लक्षात आली. कचेरीत तुला काय म्हणतात रे, असं विचारलं की पोरगा विषय बदलायचा.

वर्ष भरत आलं आणि गुणाजी यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला, असे दोन महिने झाले. कुणाबरोबर तरी निरोप यायचा, "काम फार आहे." हौसाबाईनं चुलीपुढं बसून डोळे पुसले आणि धुरानं पाणी आलं म्हणाली.

काळुराम तांदळाच्या मचव्याबरोबर ठाण्याला निघाला तेव्हा तिनं त्याच्याकडं पोह्यांची पुरचुंडी दिली. तिसऱ्या दिवशी काळुराम परत आला, पुरचुंडी तशीच घेऊन. पिंपळाखाली येऊन उभा राहिला आणि उगाच मुंडासं सोडून पुन्हा बांधायला लागला.

"अरं बोल की!" दौलत म्हणाला.

"दौलतदा, कचेरीत गेल्तो. गुनाजी पांगळे हाय का, म्हनून विचारलं. शिपाई म्हनला, हितं पांगळे-बिंगळे कोन नाय. गुनाजी हाय, पन तो खडवलीकर."

"दुसरा कोन असंल."

"नाय वो. दारातून बघितला ना मी. आपलाच. पन मना भेटायचं धाडस झालं नाय, आलो परत."

दौलतनं मान खाली घातली आणि पुढचा टाका घेतला. दाभण बोटात घुसलं. तीस-चाळीस वर्षांत पहिल्यांदा! त्या दिवशी त्यानं अकरा गोणी शिवायच्या ठेवून दिल्या आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

"पोराला माजी लाज वाटली गं," तो शेवटी म्हणाला. "बाप पांगळा, हे कुनाला कळू नये म्हनून नाव टाकलंन. माजे पाय जड झाले तेला."

"तुमचे पाय मी उचलते, तो नाय!" हौसाबाई कडाडली. "मना नाय जड झाले तर तेला कसे होतील? जा की ठान्याला. समोर बसवून इचारा. हितं भिंतीला काय सांगताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काळुरामनं दौलतला ठाण्याला नेलं आणि पाठुंगळी घेऊन खोपटला खानावळीच्या ओसरीवर आणून ठेवलं. वाटभर दौलतच्या मनात एकच होतं. पोरगा म्हणाला, की बा, तू इथं येऊ नकोस, तर आल्या पावली परतायचं आणि पुन्हा ठाण्याचं नाव काढायचं नाही.

खानावळवाल्या रंगूबाई बाहेर आल्या. विधवा बाई, अंगानं आडव्या, आवाज खणखणीत. "कोण हवंय, पाहुणं?"

"गुनाजी... गुनाजी खडवलीकर."

"कचेरीतून जेवायला येईलच आता. तुम्ही त्याचे कोण?"

दौलतच्या तोंडाशी आलं होतं, मी बाप. त्यानं गिळलं. आत चार-पाच माणसं ताटावर बसलेली दिसत होती. आपल्यापायी पोराला तोंड लपवायला लागू नये. "मी होय? मी गाववाला. वळखीचा."

काळुरामनं तोंड फिरवलं. त्याला बघवलं नाही.

रंगूबाईंनी दौलतच्या पायांकडं बघितलं, मग हातांकडं. बोटांना सुतळीचे घट्टे पडलेले, ते कसे लपणार? "गाववाला!" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अहो, मला काय खुळी समजलात? तुम्ही त्याचे वडील. कल्याण बंदरावरचे गोणीवाले! वर्ष झालं, जेवताना दुसरं ऐकवत नाही तो आम्हाला. माझा बा असा टाका घालतो नि तसा टाका घालतो. माझी ही तांदळाची गोण येते ना, तिची उजवी बाजू तो आधी बघतो. फुली दिसली की म्हणतो, रंगूमावशी, खुशाल घ्या, माझ्या बापाची आहे."

दौलतनं गुडघ्यांवर हात ठेवला. "पाय... पायांचं बी सांगतो?"

"सांगतो की! त्यात लपवायचं काय?"

एवढ्यात गुणाजी आला. ओसरीवर बाप बसलेला बघून तो जागच्या जागी थिजला, आणि मग पुढं होऊन सगळ्या जेवणाऱ्यांदेखत त्यानं त्या वाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. ते उचलायचं नावच घेईना.

"ऊठ," दौलत म्हणाला. आवाज कडक ठेवायचा त्यानं फार प्रयत्न केला. "माजी लाज वाटते तर पाया कशाला पडतोस?"

"बा! तुझी लाज?" गुणाजी उसळून उठला. "कुणी सांगितलं तुला?"

"मंग नाव का टाकलंस? मी दिलेलं?"

गुणाजी त्याच्या शेजारी बसला आणि सगळं सांगायला लागला. कचेरीत एक जण रोज हाक मारायचा, ए पांगळे, इकडं ये लंगडत. बाकीचे फिदीफिदी हसायचे. शाळेपासून सवय होती, त्यानं सोसलं. एक दिवस तो म्हणाला, बाप पांगळा म्हणून पोरगा पांगळे, आई काय आंधळी आहे का? गुणाजीनं शाईची दौत उचलून त्याच्या अंगावर ओतली. हेडक्लार्क अण्णांनी दोघांनाही झापलं, पण नंतर गुणाजीला बाजूला घेतलं. तूर्त गावाच्या नावानं खडवलीकर लाव, मी लिहितो, म्हणाले. मात्र शाळेच्या दाखल्यावर पांगळे आहे. कायम करायच्या आधी तुझ्या वडिलांनी स्वतः येऊन जबानी द्यायला हवी की आडनाव खडवलीकर. नाहीतर कागद जुळत नाहीत, जागा जाईल.

"मंग घरी का नाय आलास?"

"कसा येऊ? तुला काय सांगू, की तू दिलेलं नाव काढून टाक? तू ते नाव केवढ्या मानानं सांगतोस, बा! तुझ्या तोंडात ते नाव आहे. ह्यांच्या तोंडात ती शिवी झालीय. ह्यांनी तुझं नाव माझ्या अंगावर थुंकावं, ते मला सोसवत नाही." त्यानं डोळे पुसले. "परवा मुदत संपते. जागा गेली तर जाऊ दे, असं ठरवून बसलो होतो."

दौलतनं पोराच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "गाढवा! दोन महिने आईला रडवलंस! मना वाटलं पोरगा गेला हातचा. आनि हा बसलाय नाव सांभालत! हाड् तेच्या मायला. नाव कसलं घेऊन बसलास? जेव आदी. मना बी वाढा हो बाई, कालपासून पोटात काय नाय." बोलता बोलता त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. रंगूबाईंनी त्या दिवशी भात वाढला तो त्यानं तीनदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर काळुरामनं त्याला कचेरीत नेऊन अण्णांच्या पुढ्यात सतरंजीवर बसवलं. सगळे कारकून माना वर करून बघायला लागले. अण्णा पिकल्या मिशांचे, संथ बोलणारे. ते लिहीत गेले आणि मोठ्यानं वाचत गेले. "दौलत वलद गुणाजी, आडनाव खडवलीकर, राहणार कल्याण, धंदा गोणी शिवणे, ओळखीची खूण, पायांनी..." इथं त्यांचा टाक थांबला. त्यांनी दौलतकडं पाहिलं, शाईत टाक पुन्हा बुडवला, पण शब्द काही उतरेना.

"थांबलात का?" दौलत म्हणाला. "लिवा पांगळा."

"नको. अधू लिहितो."

"साहेब, पांगळाच लिवा. माज्या आईनं मना त्याच नावानं जेवू घातलंय. मना म्हना, खुशाल म्हना, माजं काय जात नाय." मग तो बाकीच्या टेबलांकडं वळला. "माज्या पोराला मातर म्हनायचं नाय."

कचेरीत कुणी हसलं नाही. खिडकीपाशी एक जण दप्तरात डोकं घालून बसला होता, त्याच्या सदऱ्यावर शाईचा डाग अजून निळा होता.

अण्णांनी लिहून पुरं केलं. "सही येत नाही ना? मग निशाणी करा. नांगर काढू?" कुणब्याच्या सहीच्या जागी नांगर काढायची चालच होती.

"नांगर माज्या भावाचा. मी कवा धरलाय? द्या इकडं."

दौलतनं टाक दाभणासारखा मुठीत धरला आणि कागदावर एक फुली काढली. तिच्यावरून आडवी एक रेघ ओढली आणि तिचं टोक हळूच आत वळवलं.

अण्णांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "अरेच्चा! आमच्या वडिलांची भिवंडीला तांदळाची पेढी होती. हा तर पां..." आणि त्यांनी जीभ चावली.

"बोला की, साहेब! अर्धं कशाला ठेवता? लई दिवसांत कोनाच्या तोंडून नीट ऐकलं नाय."

"पांगळ्याचा टाका," अण्णा म्हणाले. "आमचे वडील ही गोण कधी उघडून बघत नसत." आणि त्यांनी फुलीखाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'निशाणी टाक्याची.'

निघताना काळुराम नेहमीसारखा पाठ करून खाली बसला. गुणाजीनं त्याला बाजूला केलं आणि बापाला स्वतःच्या पाठुंगळी घेतलं. सगळी कचेरी बघत होती. तो दारापर्यंत ताठ मानेनं चालत गेला. बाहेरच्या दगडी पायऱ्या जरा उंच होत्या. दौलतनं त्याच्या गळ्यातले हात घट्ट केले आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "सांबालून, खडवलीकर. पायरी हाय."